कन्सल्टिंग फर्ममध्ये लागलाय? कंपनीच्या नावाआधी टीम ओळखायला शिका

सांगली, मिरज, तासगाव, विटा, पलूस, वर कराड-सातारा, आपल्या ह्या पट्ट्यातनं दरवर्षी कितीतरी पोरंपोरी मोठमोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या आणि त्यांची कामं करून देणाऱ्या कंपन्यांमध्ये लागतात, कोण वालचंदमधनं कॅम्पसला, कोण सीए होऊन, कोण एमबीए करून, आणि मग पुणं नाहीतर हैदराबाद, बेंगलोर, गुरगाव असं कुठंतरी जातात. घरी पेढे वाटून होतात, वडील चार लोकांना कंपनीचं नाव सांगतात, आणि सात-आठ महिन्यांनी मला फोन येतो की दादा कंपनी लई मोठी आहे, पगार पण वेळेवर होतो, पण रविवारी रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतोय, काय करू? असे फोन इतके यायला लागलेत की सगळं एकदा सविस्तर लिहून काढावं म्हटलं. मी बरीच वर्षं ह्याच लाईनमध्ये आहे, आता बराचसा वेळ सांगलीतल्या विश्रामबागेतल्या घरातनंच काम करतो आणि एक छोटी टीमही सांभाळतो.

फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुझा मॅनेजर कोण आणि प्रोजेक्ट कुठलं? कारण हजारो-लाखो माणसं कामाला असलेल्या फर्ममध्ये सगळीकडं सारखं वातावरण असूच शकत नाही, तुमच्यासाठी कल्चर म्हणजे तुम्ही रोज ज्या आठ-दहा जणांबरोबर काम करता ती माणसं. एकाच मजल्यावर, एकाच लोगोखाली, ह्या कोपऱ्यातली टीम साडेसहाला लॅपटॉप बंद करून निघते आणि त्या कोपऱ्यातली रात्री अकराला पिझ्झा मागवते, हे मी डोळ्यांनी बघतो. गॅलप नावाची संस्था हे सर्व्हेचं काम जगभर करते, त्यांचं म्हणणं असं की टीमाटीमांमध्ये माणसं कामात किती मनापासनं गुंततात ह्याचा जो फरक दिसतो त्यातला निदान ७० टक्के फरक मॅनेजरमुळं पडतो. माझा अनुभव पण ह्याच्या फार लांब नाही. म्हणून खाली जे काय लिहिलंय ते सगळं टीमच्या पातळीवरचं आहे, कारण तिथंच तुमच्या हातात काहीतरी असतं.

जॉईन व्हायच्या आधी काय बघायचं

आधी ऑफर लेटरवर नाव कुठल्या एंटिटीचं, म्हणजे कायद्यानं नेमक्या कुठल्या कंपनीचं आहे ते बघा, हे कोणच बघत नाही. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी ही चार मोठी नावं म्हणजे प्रत्येकी एक कंपनी नव्हे, देशोदेशी कायद्यानं वेगवेगळ्या असलेल्या फर्मचं ते नेटवर्क असतं, नाव एक पण मालक पार्टनर वेगळे. त्यातही भारतातल्या क्लायंटचं काम करणारा भाग वेगळा आणि अमेरिका-युरोपच्या ऑफिसांसाठी इथनं काम करून देणारा भाग वेगळा, ह्या दोन्हींच्या कामाच्या वेळा, पगार, प्रमोशनची पद्धत, सुट्ट्या सगळं वेगळं असतं. तुमच्या मावसभावाला तिथं छान वाटलं म्हणजे तुम्हाला वाटेलच असं काय नाही, तो टॅक्समध्ये असेल आणि तुम्ही चाललाय टेक्नॉलॉजीत.

अँबिशनबॉक्स, ग्लासडोअर ह्या नोकरदारांनी कंपन्यांचे रिव्ह्यू लिहायच्या साइटवरचं सरासरी रेटिंग बघून निर्णय घेऊ नका. तिथं शहर निवडा, डिपार्टमेंट निवडा, आणि गेल्या वर्षभरातलेच रिव्ह्यू वाचा. पाच स्टार आणि एक स्टारवाले सोडून द्या, तीन स्टारवाले नीट वाचा, खरी माहिती तिथं असते. त्याहून चांगलं म्हणजे त्या टीममधनं बाहेर पडलेला माणूस लिंक्डइनवर शोधा आणि सरळ मेसेज करा की मी सांगलीचा, तुमच्या जुन्या टीममध्ये ऑफर आहे, दहा मिनिटं बोलाल का. आपल्याकडची माणसं असा मेसेज टाकायला लाजतात, पण कॉलेजचा सीनियर निघाला की तो दहा मिनिटांऐवजी तासभर बोलतो.

त्याला काय विचारायचं? "कल्चर कसं आहे" असं विचारलंत तर "चांगलं आहे" हेच उत्तर येणार. दिसणाऱ्या गोष्टी विचारा. टीममध्ये दोन वर्षांच्या वर टिकलेले किती जण आहेत, शेवटचं प्रमोशन कोणाचं आणि किती वर्षांनी झालं, गेल्या महिन्यात शनिवारी कितीदा लॅपटॉप उघडावा लागला, कोणी आजारी पडलं की काम कोण उचलतं, क्लायंट कुठल्या देशातला. हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो पण तुमचं जगणं त्याच्यावर ठरतं, न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात, म्हणजे क्लायंट ऑफिसात येतो आणि तुमची घरी जायची वेळ होते. काहींना ते चालतं, सकाळ मोकळी मिळते म्हणून आवडतं पण, फक्त आधी माहीत पाहिजे.

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा मोठा आकडा बघून हरखून जाऊ नका, त्यातला फिक्स किती, कामगिरीवर कमीजास्त होणारा व्हेरिएबल किती, जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का, नोटीस पिरियड ६० दिवस का ९०, हे लेखी बघा. मुलींनी मॅटर्निटी पॉलिसी विचारायला बिलकुल संकोच करू नये, २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा कायद्यानं दिलेला हक्क आहे आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोयही कायद्यात आहे. मला विचाराल तर रजा किती ह्यापेक्षा रजेवरनं परत आलेल्या बाईला कुठलं काम दिलं जातं हे त्या टीमबद्दल जास्त सांगतं, ते विचारा.

फ्रेशर असाल तर बऱ्याचदा टीम आधी कळतच नाही, तुम्हाला एका मोठ्या पूलमध्ये घेतात आणि नंतर प्रोजेक्टवर टाकतात. मग रिसोर्स मॅनेजर नावाचा जो माणूस असतो, कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर पाठवायचं ते बघणारा, त्याच्याशी ओळख ठेवा. गोड बोलायला नव्हे, तुम्हाला काय येतं आणि काय शिकायचंय हे त्याला माहीत असलं पाहिजे एवढ्यासाठी. नाहीतर बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसल्यावर जे प्रोजेक्ट पहिलं येईल ते गळ्यात पडतं.

पहिले काही महिने

आपल्याकडच्या पोरांची कामात कधी अडचण नसते, बोलण्यात असते. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पार्टनरला पण, आणि आपण शाळा-कॉलेजात "हो सर" "हो मॅडम" करत वाढलेलो, मग मॅनेजरनं शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम दिलं की तोंडातनं हो जातं आणि सोमवारपर्यंत मान वर होत नाही. नाही म्हणायची गरज नसते, "आत्ता माझ्याकडं ही दोन कामं आहेत, हे आधी करू का ते?" एवढं विचारायचं. ह्यात उद्धटपणा काही नाही, उलट चांगल्या मॅनेजरला हेच पाहिजे असतं कारण त्याला तुमच्या पाटीवर काय काय आहे ते दिसत नसतं.

इंग्रजीची भीती असेल तर एक उपाय सांगतो, कॉल सुरू व्हायच्या आधी तुम्हाला बोलायचे ते दोन मुद्दे कागदावर लिहून ठेवा आणि कॉलच्या पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी तोंड उघडा, एखादा प्रश्न विचारला तरी चालेल. शेवटी बोलू म्हणून थांबलात की राहून जातं.

आणि पहिल्या महिन्यातच मॅनेजरला एक गोष्ट विचारून घ्या, सहा महिन्यांनी तुम्ही माझ्या कामावर खूश आहात असं म्हणायला तुम्हाला नेमकं काय दिसलं पाहिजे? गॅलपच्या १२ प्रश्नांच्या प्रसिद्ध यादीतला पहिलाच मुद्दा हा आहे की माझ्याकडनं काय अपेक्षा आहे ते मला माहीत आहे का. त्याच यादीत गेल्या सात दिवसांत कोणी कौतुक केलं का, माणूस म्हणून माझी कोणाला काळजी आहे का, कामाच्या ठिकाणी जिवाभावाचा मित्र आहे का असेही प्रश्न आहेत. वर्षातनं दोनदा ही उत्तरं स्वतःची स्वतः लिहून बघा. पगार कमी म्हणून खट्टू आहात, का कोणी दखल घेत नाही म्हणून, हे वेगळं करता आलं पाहिजे, दोन्हींवरची औषधं वेगळी आहेत. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५९ सालीच हे मांडलंय की पगार, नियम, सुविधा नीट असल्या तर माणसाची कुरकुर थांबते, पण कामात गोडी यायला हातनं काहीतरी झाल्याचं समाधान आणि त्याची दखल लागते. पगारवाढीनंतर तीन महिन्यांनी परत तोच कंटाळा का येतो ते ह्यातनं कळतं.

टाइमशीट, ह्याच्यावर जरा थांबून वाचा

टाइमशीट म्हणजे कुठल्या कामाला किती तास गेले त्याची सिस्टीममध्ये भरायची नोंद. कन्सल्टिंगचा सगळा धंदा तासांवर चालतो. आठवड्याचे ४० तास धरले आणि त्यातले ३२ क्लायंटच्या खात्यावर लागले तर तुमचं युटिलायझेशन ८० टक्के, ह्या आकड्यावर तुमचं, मॅनेजरचं, पार्टनरचं सगळ्यांचं मोजमाप होतं. आणि नेमकं इथंच टीमचं खरं कल्चर दिसतं, भिंतीवरच्या पोस्टरवर काहीही लिहिलेलं असो.

होतं काय, प्रोजेक्ट मिळवताना किंमत कमी लावलेली असते, तासांचं बजेट आधीच तुटपुंजं, मग माणसं बारा-बारा तास बसतात आणि सिस्टीममध्ये आठच टाकतात. कधी मॅनेजर तोंडी सांगतो की बजेट संपलंय, आठच टाक, कधी कोणी सांगायची पण गरज पडत नाही, नवीन पोरं आधीच्यांचं बघून शिकतात. माझ्या टीममध्ये नव्यानं आलेली एक मुलगी शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरत होती, स्क्रीन शेअर होता म्हणून मला दिसलं, तिनं मागच्या आठवड्याची कॉपी मारली, आठ आठ आठ आठ आठ, आणि सबमिटवर माउस नेला. मी म्हटलं अगं मंगळवारी आणि बुधवारी तू रात्री दहापर्यंत ऑनलाइन होतीस की. ती म्हणाली, सगळे असंच भरतात ना, जास्त टाकलं तर मी स्लो आहे असं वाटेल. कॉलेजात हुशार म्हणून नाव असलेली पोरगी, आणि पहिल्या काही महिन्यांतच स्वतःचे तास लपवायला शिकली होती, ते बघून मला फार वाईट वाटलं.

ते तास लपवल्यानं नुकसान कसं होतं ते बघा. वर बसलेल्या पार्टनरला सिस्टीममध्ये दिसतं की काम ४० तासांत झालं, मग पुढच्या वर्षी तो त्याच किमतीत, तेवढ्याच माणसांत तेच काम परत विकतो, आणि पुढची टीम पण रात्री दहापर्यंत बसते. तुम्ही कमी टाकलेला प्रत्येक तास पुढच्या माणसाच्या डोक्यावर जातो. कागदावर सगळं आलबेल दिसत असल्यावर कोण कशाला बदलेल?

मग करायचं काय. खरे तास स्वतःच्या वहीत रोजच्या रोज लिहा, कुठल्या कामाला किती आणि उशीर झाला तर कशामुळं. आठवड्याच्या शेवटी मॅनेजरला साध्या भाषेत मेल टाका, तक्रारीचा सूर नको: ह्या आठवड्यात ह्या प्रोजेक्टवर माझे ५२ तास गेले, त्यातले १२ क्लायंटकडनं डेटा उशिरा आल्यामुळं वाढले, सिस्टीममध्ये किती टाकू? बस एवढंच. ह्या प्रश्नाला लेखी "४० टाक" असं उत्तर द्यायला फार कमी लोक धजावतात, कारण खोटी टाइमशीट भरणं हे बहुतेक फर्मच्या आचारसंहितेच्या विरोधात असतं. आणि कारण लिहिलेलं असलं की मॅनेजरलाही क्लायंटकडं जाऊन बोलता येतं. आमच्याकडं त्या मुलीचे आणि बाकीच्यांचे खरे आकडे घेऊन मी वर गेलो तेव्हा क्लायंटनं डेटा कुठल्या वारी द्यायचा हे ठरवून घेता आलं आणि दोन रिपोर्ट यादीतनं कमी झाले. आकडे नसते तर मी फक्त पोरं दमलीत एवढंच सांगू शकलो असतो.

तब्येतीचं पण सांगतो कारण पंचविशीत कोण ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ह्या दोघांनी मिळून २०२१ साली अभ्यास मांडला, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या मानानं पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. एखादा आठवडा जड जातो, ते सगळीकडंच असतं, पण महिनोन्महिने ५५ च्या वर चाललं असेल तर त्याला मेहनती म्हणवून घेऊ नका, प्रोजेक्ट बदलून मागा.

सर्व्हे आला की

वर्षातनं एकदोनदा एम्प्लॉयी सर्व्हे येतो, आणि बरेच जण एकतर भरत नाहीत नाहीतर सगळीकडं मधलं बटण दाबून मोकळे होतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो की ही कंपनी मित्राला सुचवाल का, ० ते १० मध्ये सांगा. ह्याचा हिशोब कसा होतो ते माहीत असू दे: ९ आणि १० देणारे खूश, ७ आणि ८ देणारे धरलेच जात नाहीत, आणि ० ते ६ देणारे सगळे नाराज, मग खूश असलेल्यांच्या टक्क्यातनं नाराजांचे टक्के वजा. दहा जणांच्या टीममध्ये चौघांनी ९ दिले, तिघांनी ७ आणि तिघांनी ६, तर स्कोअर ४० वजा ३०, म्हणजे १०. आपल्याकडं दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास, म्हणून पोरं "ठीक चाललंय" ह्या अर्थानं ६ देतात आणि तिकडं ते सरळ नाराजांच्या खात्यात जातं. उलट खरोखर त्रास असलेला माणूस भिडेखातर ७ देतो आणि त्याचं मत हिशोबातनंच गायब होतं. काय वाटतंय ते आणि आकडा जुळतोय का बघून भरा.

नाव कळेल का, ही भीती सगळ्यांना असते. बऱ्याच ठिकाणी अगदी थोड्या जणांनी भरलं असेल तर त्या टीमचा वेगळा रिपोर्ट काढत नाहीत, म्हणून टीममधल्या सगळ्यांनी भरणं हेच सगळ्यांच्या फायद्याचं. मोकळ्या जागेत लिहिताना माणसाबद्दल न लिहिता घडणाऱ्या गोष्टीबद्दल लिहा, "मॅनेजर वाईट आहे" ह्यापेक्षा "दर शुक्रवारी सहानंतर सोमवारची कामं येतात" हे लिहिलं की वरच्यांना काहीतरी करता येतं. आणि निकाल आल्यावर टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या मीटिंगमध्ये विचारा, मागच्या वेळच्या सर्व्हेनंतर काय बदललं?

रेटिंगच्या खोलीत काय होतं

अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मोजमापाच्या वेळी सगळ्यात जास्त मनं दुखावतात आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे पोरांना ती प्रक्रियाच माहीत नसते. तुमचं रेटिंग तुमचा मॅनेजर एकटा ठरवत नाही, एका लेव्हलच्या सगळ्यांची नावं घेऊन बरेच वरिष्ठ एकत्र बसतात आणि एकेका नावावर चर्चा होते, तुमच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. तिथं तुम्ही नसता, तुमच्या वतीनं एक माणूस बोलतो, कुठं त्याला कोच म्हणतात कुठं काउन्सेलर, आणि त्यानं कदाचित तुमच्याबरोबर एक दिवसही काम केलेलं नसतं! त्याच्या हातात काय आहे ह्याच्यावर सगळं. म्हणून दर आठवड्याला दोन ओळी लिहून ठेवा, काय केलं, त्यानं कोणाचं काय सोपं झालं, कोणी कौतुकाचा मेल टाकला असेल तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये. अप्रेझलच्या महिनाभर आधी त्याचं एक पान करून त्या माणसाला द्या आणि अर्धा तास बसून समजावून सांगा. स्वतःची लाल करायला आपल्याला शिकवलेलं नाही हे खरं आहे, पण हे तसं नव्हे, तुमच्या वतीनं बोलणाऱ्याला तुम्ही माहिती देताय.

बेल कर्व्हचं, म्हणजे वरचं, मधलं, खालचं रेटिंग किती टक्के लोकांना द्यायचं हे आधीच ठरवून ठेवायच्या पद्धतीचं म्हणाल तर, मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये माणसांची उतरंड लावायची पद्धत बंद केली, डेलॉइटनं २०१५ च्या सुमाराला आपली अप्रेझलची पद्धत बदलायला घेतली कारण त्यांच्या लक्षात आलं की ह्या सगळ्यात वर्षाला सुमारे २० लाख तास जातायत, अॅक्सेंचरनं पण त्याच वर्षी वार्षिक रेटिंग सोडायचं जाहीर केलं. डेलॉइटनं मॅनेजरला नव्या पद्धतीत जे विचारायला सुरुवात केली त्यातला एक प्रश्न मला फार पटतो: पैसे तुमचे स्वतःचे असते तर तुम्ही ह्या माणसाला जास्तीत जास्त वाढ दिली असती का? पण पद्धत कुठलीही असू दे, पगारवाढीसाठी ठेवलेली रक्कम ठरलेली असते, म्हणून कुठंतरी वरखाली होणारच. कमी रेटिंग आलं तर चार दिवस जाऊ द्या आणि मग विचारा, पुढच्या वेळी वरचं मिळालेल्या माणसानं असं काय केलं जे मी केलं नाही? उदाहरणासकट उत्तर मिळालं तर मॅनेजर प्रामाणिक आहे. गोलगोल मिळालं तर तेही तुम्हाला कळलंच.

चार माणसं जरी हाताखाली आली तरी

आता हे सीनियर झालेल्यांसाठी. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो ह्यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये एक प्रयोग केला होता, २००९ साली त्याबद्दल लिहिलं गेलं. टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ आधी ठरवून मोकळी द्यायची, सहानंतर काम नाही, मेल नाही, फोन बघायचा पण नाही, आणि ती सुट्टी घ्यावीच लागणार. शिवाय आठवड्याला एकदा सगळ्यांनी बसून कसं चाललंय ते बोलायचं. सुरुवातीला लोकांना टेन्शनच आलं, करिअरवर परिणाम होईल, क्लायंट काय म्हणेल. पण झालं असं की एकजण संध्याकाळी नसणार म्हटल्यावर त्याचं काम दुसऱ्याला आधी समजून घ्यावं लागलं, कुठलं काम खरंच गरजेचं आहे ह्यावर बोलणं व्हायला लागलं, आणि काम बिघडण्याऐवजी सुधारलं, माणसं टिकायची इच्छा पण वाढली. हे करायला कुणाची परवानगी लागत नाही, एचआरची पॉलिसी लागत नाही, पाच जणांच्या टीममध्ये उद्यापासनं करता येतं. आमच्याकडं प्रत्येकाचा वार ठरलाय, कॅलेंडरवर लावलेला असतो, आणि मी माझा वार पाळतो कारण लीडनं पाळला नाही तर कोणच पाळत नाही.

टीममध्ये माणूस चूक सांगायला घाबरतो का हे बघत राहा. हार्वर्डच्याच एमी एडमंडसन ह्यांनी १९९९ साली ह्यावर संशोधन मांडलं, जिथं माणसाला वाटतं की मी प्रश्न विचारला किंवा चूक कबूल केली तर कोण माझा पाणउतारा करणार नाही, ती टीम जास्त शिकते. ओळखायची सोपी खूण सांगतो, वाईट बातमी तुम्हाला कधी कळते? एक्सेलमधली चूक पोरानं संध्याकाळी स्वतः येऊन सांगितली तर बरं चाललंय. क्लायंटच्या मीटिंगमध्ये कळली तर तुमचा ओरडा पोरांनी मनात धरलाय असं समजा.

ह्या सगळ्यासाठी अमेरिकेचेच दाखले लागतात असं पण नाही. आपल्याच जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर, औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर कारखाना काढला आणि त्याच्याबरोबर कामगारांची वसाहत उभी केली. ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेला, ज्यांना कोण दारात उभं करत नव्हतं अशांना त्यांनी कामावर घेतलं, राखणीला ठेवलं. माणसावर विश्वास टाकला की तो कामाला कसा लागतो हे किर्लोस्करवाडीनं ह्या सगळ्या संशोधनाच्या कितीतरी आधी दाखवलंय, आणि रेल्वेनं पुण्याला जाताना आपण ते स्टेशन दर वेळी बघतो.

सांगलीतनं काम करताना

हायब्रीड, म्हणजे थोडं ऑफिसातनं थोडं घरनं काम, झाल्यापासनं महिन्यातले काही दिवस गावाकडनं काम करता येतं, ही फार मोठी सोय आहे, पण घरच्यांना समजावणं हे पण काम आहे. आईला वाटतं पोरगं घरीच आहे, मग मध्येच भाजी आण, सिलेंडरवाला आलाय बघ. दार बंद म्हणजे कॉल चालू, एवढी एक खूण घरात ठरवून टाका. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवाच. आणि ऑफिसात नसलेल्या माणसाचं नाव चांगल्या कामासाठी लवकर आठवत नाही, म्हणून पुण्याला जाल तेव्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसू नका, ते सगळं घरनं पण होतं, तिथं माणसांना भेटा, चहाला जा.

२०२१ च्या जुलैमध्ये पूर आला तेव्हा वर्क फ्रॉम होममुळं पुष्कळ पोरं सांगलीतच होती. ओळखीतल्या दोघांची गोष्ट, फर्म एकच, टीम वेगळ्या. गावभागातल्या एकानं मेसेज टाकला की पाणी गल्लीत आलंय, सामान वर चढवतोय, त्याच्या मॅनेजरनं फोन करून आईवडील कुठं आहेत विचारलं, आठवडाभराची कामं दोघांत वाटली आणि सांगितलं की पाणी उतरेपर्यंत मेल बघू नकोस. दुसऱ्याला उत्तर आलं, "नेट चालू आहे ना?" पहिला अजून त्याच टीममध्ये आहे, मधे दोन ऑफर आल्या तरी गेला नाही. दुसऱ्यानं दिवाळीनंतर राजीनामा टाकला.

सोडायची वेळ आली तर

लैंगिक छळाचा प्रकार असेल तर वाट बघत बसू नका आणि सहन करत राहू नका. २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष महिला असते, बाहेरचा एक सदस्य असतो. तक्रार घटनेपासनं ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण सबळ असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. मेसेज, मेल, तारखा सगळं जपून ठेवा.

बाकी त्रास असेल तर आधी प्रोजेक्ट बदलून बघा, फर्म नंतर. मोठ्या फर्मचा खरा फायदाच हा आहे की नोकरी न सोडता टीम बदलता येते. आत्ताच्या कामाचा एखादा टप्पा संपत आला की रिसोर्स मॅनेजरला आणि कोचला सांगा, मधेच सोडून जायचं म्हटलं की कोण मदत करत नाही. दोनदा मागून पण हलवलं नाही, किंवा हलवल्यावर पण रविवारचा पोटातला गोळा तसाच राहिला, तर मग बाहेर बघा.

राजीनामा टाकायच्या आधी नव्या ठिकाणचं ऑफर लेटर हातात पाहिजे, तोंडी शब्दावर नको. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने राहिले असतील तर थांबा, कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, प्रत्येक वर्षाला कायद्यानं धरलेल्या शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी, महिना २६ दिवसांचा धरून. पीएफ काढू नका, यूएएन म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर तोच ठेवून नव्या खात्यात ट्रान्सफर करा, ५ वर्षांच्या आत काढलात तर टॅक्स लागू शकतो. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये राग काढत बसू नका पण सगळं छान होतं असं पण सांगू नका, सर्व्हेत लिहिता तसंच, काय घडत होतं ते सांगा. हँडओव्हरची फाईल नीट करा, कारण तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणारा बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी गावातनं नुकताच आलेला फ्रेशर असतो. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लॅपटॉप परत द्यायच्या आधी स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र बऱ्याचदा नंतर येतं, ते स्वतःच्या मेलवर पाठवायला सांगा, क्लायंटची एकही फाईल मात्र घेऊ नका.